कोऱ्या पाण्याची रेघ

८ डिसेंबर, रविवार. बेसा, नागपूर

कौशल्या असती तर ही वही कोरीच राहिली असती. एकतीस वर्षं दिवसभराचं सगळं तिच्याजवळ ओकायचो अन् ढाराढूर झोपायचो. सप्टेंबरमध्ये ती गेली. आता बोलावं कोणाजवळ? पोरगा दुर्गेश कामावरून येते अन् मोबाईलमध्ये घुसते. सून रितिका बिचारी ऑफिस अन् घर करून थकलेली. लॅबमध्ये नव्या प्रोजेक्टच्या वह्या आल्या होत्या, त्यातली एक आमच्या लॅबच्या संघपाल सरायले विचारून घरी आणली. सर म्हणाले, "लिहा रामाजी, तुमच्याजवळ आमच्यापेक्षा जास्त आहे लिहायला." खोटं काय म्हणाले?

मी केमिस्ट्रीचा लॅब अटेंडंट. पुढच्या वर्षी रिटायर होईन. आमच्या लॅबमध्ये एक पसरट पांढरं तबक आहे, ट्रफ म्हणतात त्याले. त्यात शुद्ध पाणी भरायचं. पाण्यावर पॉलिमरचा एक थेंब सोडला की तो दुधावरच्या सायीसारखा पसरते, पण इतका पातळ की डोळ्याले दिसत नाही. मग दोन्हीकडून दोन पट्ट्या त्याले हळूहळू ढकलत आणतात. तो दाबला जाऊन किती जोर करून राहिला, त्याची रेघ कॉम्प्युटरवर उमटते. तिकडे पोलंडमध्ये क्राकोव म्हणून गाव आहे, तिथेबी असंच तबक आहे. तिथली रेघ अन् इथली रेघ जुळली पाहिजे. जुळली तर आमची वेदिका सहा महिने तिकडे जाईल.

वेदिका पारशिवनीची पोट्टी. बाप एसटीत कंडक्टर होता. पीएचडीचं हे शेवटचं वर्ष, मार्चमध्ये फेलोशिप संपते. दुपारचा डबा माझ्यासंगच खाते. कौशल्या तिच्यासाठी म्हणून माझ्या डब्यात दोन भाकरी जास्तीच्या द्यायची.

१० डिसेंबर

आज पुन्हा तेच. पॉलिमर टाकायच्या आधी नुसत्या पाण्यावर पट्ट्या चालवून पाहायच्या असतात. कोरं पाणी म्हणतो आम्ही त्याले. त्याची रेघ जमिनीवर झोपून राहिली पाहिजे. आज शेवटाकडे तिनं डोकं वर काढलं. म्हणजे पाण्यावर कोणाची तरी घाण आहे. नोव्हेंबरपासून हे अधूनमधून होऊन राहिलं. वीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. मी डोक्याले तेल लावत नाही, हाताले मलम लावत नाही, लॅबमध्ये पाय ठेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतो. बाहेरगावचे प्रोफेसर येऊन म्हणून गेले आहेत की नागपूरचं पाणी म्हणजे नागपूरचं पाणी. कौशल्याले मी हे सांगितलं तेव्हा ती नुसती हसली होती.

१५ डिसेंबर, रविवार

आज फडक्यांचा दिवस. तबक पुसायले परदेशी टिश्यू लागतो. जुन्या सरायच्या काळात तो वेळेवर कधी यायचाच नाही, तेव्हा मीच म्हटलं, माझ्या बापाची धोतरं पडली आहेत, त्याची फडकी करतो. तेव्हापासून फडकी घरून धुवून येतात. आठवड्याची वीस. कौशल्या रविवारी सकाळी मोठ्या गंजात ती उकळत बसायची. मी पेपर वाचता वाचता ओरडायचो, "अवं, फडकी उकळून राहिली का बासुंदी? एवढा गॅस काहून जाळते?" तिची फडकी वाळली की पापडासारखी कडक. हाताले टोचायची. हे मी दर सोमवारी तिले ऐकवलं असेल.

तिनं धुवून ठेवलेले गठ्ठे दिवाळीपर्यंत पुरले. आता रितिका मशीनमध्ये धुते. काय मऊ येतात! हात लावला तर लोण्यात बोट गेल्यासारखं वाटते. पांढरीबी जास्त. पोरगी मनाची चांगली आहे, सांगावं लागत नाही. कौशल्याले मशीनवर भरवसा नव्हता, जुन्या वळणाची बाई.

२३ डिसेंबर

वेदिका तबकाजवळ नाक फेंदारून उभी. म्हणते, "काका, इथं कसलातरी गोड गोड वास येऊन राहिला."

मले कोरोनापासून वास येत नाही. म्हटलं, "तूच काहीतरी फुसफुस मारून आली असशील."

"मी तर पावडरबी लावत नाही काका," म्हणाली अन् हसली. हसण्यावारी नेलं. पण मी मनात नोंद केली. आजकालच्या पोट्ट्यांचं काही सांगता येत नाही.

६ जानेवारी

क्राकोवचे मारेक साहेब आले. उंच, काटकुळे, बोलणं कमी. सरायनं माझी ओळख करून दिली तर दोन्ही हात जोडून "नमस्कार, रामाजी" म्हणाले. मग सरायजवळ काही बोलले. सर सांगतात, "हे म्हणतात, तुमच्या लॅबचे २००९ चे जुने आलेख पाहूनच आम्ही नागपूर निवडलं. इतकं स्वच्छ पाणी आमच्याकडेही नाही." घरी येऊन चपला काढता काढता "ऐकलं का वं" म्हणून हाक मारली. स्वयंपाकघरातून रितिकानं विचारलं, "काय बाबा?" म्हटलं, काही नाही.

साहेब २४ पर्यंत आहेत. २० तारखेले क्राकोवले नाव कळवायचं आहे, कोण येणार. दुसऱ्या एका विद्यापीठाचाबी मुलगा रांगेत आहे. रेघा जुळल्या तर वेदिका, नाहीतर तो.

१३ जानेवारी

जुळत नाही. एकबी रेघ जुळत नाही. पाणी बदललं, पॉलिमरची बाटली बदलली, पंखा बंद केला, खिडक्यांच्या फटीले पट्ट्या लावल्या. मी तबक आधी एकदा पुसायचो, आता चारदा पुसतो, दर वेळी नवीन फडकं. जितकं पुसावं तितकी ती रांडेची रेघ वर चढते. मारेक साहेब नुसतं वहीत लिहितात. वेदिकाचं तोंड एवढंसं झालं आहे. डब्यातली भाकरी तशीच परत नेली.

आज मले राग आला. कोणाचा ते लिहीत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

सरायनं सगळ्यायले बसवलं. मारेक साहेब, वेदिका अन् मी. सर म्हणाले, "रामाजी, या तबकाला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

मी सांगितलं. वेदिका संक्रांतीले घरी जाऊन आली. घरी गेली की तिची माय तिच्या डोक्यात वाटीभर तेल जिरवते, परवा वेणी चमकून राहिली होती, मी स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं. अन् वासाचंबी सांगितलं. म्हटलं, पाणी खोटं बोलत नाही, कोणाचा तरी हात लागून राहिला, अन् हात तर दोघांचेच आहेत, माझे अन् हिचे. माझे वीस वर्षांपासून आहेत.

वेदिका म्हणाली, "काका, मी टोपी घालते ना. हातमोजे घालते. तुम्हीच तर शिकवलं." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं.

सरायनं समोरची वही मिटली. मग म्हणाले, वेदिका, सोमवारपर्यंत तू तबकाला हात लावू नको. रामाजी आणि साहेब करतील.

मी खरं तेच बोललो. दुखलं तर दुखलं. लॅबमध्ये माया लावून चालत नाही. तरी आज जेवण गेलं नाही.

२१ जानेवारी

नाव गेलं. त्या दुसऱ्या मुलाचं. सर म्हणाले, ज्या विद्यार्थिनीच्या हातावर आपल्याच लॅबचा भरवसा नाही, तिचं नाव मी कोणत्या तोंडानं पाठवू? माझ्याकडे पाहून नाही म्हणाले, खिडकीकडे पाहून म्हणाले.

वेदिकानं डबा लायब्ररीत नेला. मी एकटाच बसलो होतो. रितिकानं मेथीची भाजी दिली होती, वेदिकाले आवडते ती.

२३ जानेवारी

आजचं नाही लिहिलं तर ही वही ठेवण्यात अर्थ नाही.

सहा दिवस झाले, वेदिका तबकाच्या जवळबी नाही. मी अन् मारेक साहेब, दोघंच. अन् रेघ तशीच चढून राहिली. आज सकाळीबी चढली. मी म्हटलं, पुन्हा पुसतो. नवीन फडकं घेतलं, स्पिरिटमध्ये बुडवलं. साहेबानं माझा हात धरला. हळूच फडकं घेतलं, नाकाजवळ नेलं. मग माझ्याकडे पाहिलं.

त्यायनं तबक स्वतःजवळच्या टिश्यूनं पुसलं, नवीन पाणी भरलं, पट्ट्या चालवल्या. रेघ झोपलेली. हललीबी नाही. तीन महिन्यात मी अशी रेघ पाहिली नव्हती. मग त्यायनं माझ्या फडक्याचं एक टोक पाण्याले लावलं, नुसतं टोक, अन् पुन्हा पट्ट्या चालवल्या. रेघ उठली ती वरपर्यंत गेली.

साहेबानं विचारलं, कोण धुते? एवढं इंग्रजी मले समजते. मी म्हटलं, "माय वाइफ."

वीस वर्षं हेच उत्तर होतं, तोंडातून तेच निघालं. निघालं अन् मग मले समजलं मी काय म्हणालो ते. मी स्टुलावर बसलो. साहेबानं पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर रितिकाले विचारलं, फडक्यायले काय टाकते? ओरडायचंच ठरवून आलो होतो. तिनं मशीनजवळची निळी बाटली दाखवली. कपडे मऊ करायचं औषध, साबणानंतर टाकायचं. म्हणाली, "आईंची फडकी तुम्हाला टोचायची ना बाबा. तुम्ही नेहमी म्हणायचे. आई गेल्यावर वाटलं, निदान एवढं तरी तुमच्यासाठी मऊ करावं. म्हणून मुद्दाम आणली. काही चुकलं का?"

काय चुकलं सांगू? ते औषध कपड्यातून जात नाही, म्हणूनच तर कपडा मऊ राहते. तेच पाण्यावर पसरून राहिलं होतं. पण तिनं कोणाचं ऐकून आणलं? माझंच. म्हटलं, "नाही वं पोरी, तुझं काही चुकलं नाही." अन् मोरीत जाऊन नळ सोडून रडलो. कौशल्या गेली त्या दिवशी लोक होते, तेव्हा असं रडता आलं नव्हतं.

२४ जानेवारी

सकाळी सगळ्यायच्या समोर सांगितलं. वेदिकाले बोलावून घेतलं, तिच्यासमोर सांगितलं. म्हटलं, हात माझाच होता. या पोरीनं वासाचं सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच उलटलो. मी तिच्या पाया पडायले वाकलो तर ती दोन पावलं मागे झाली. "नका ना काका," एवढंच.

मारेक साहेबानं तिथूनच क्राकोवले फोन लावला. बराच वेळ बोलले. पोलिश काही समजत नाही, पण माणसाचा चेहरा समजते. त्या मुलाले पत्र गेलं आहे, तिकिटाचं ठरलं आहे. पुढची जागा दोन वर्षांनी. तोवर वेदिका वयात बसत नाही. साहेब तिच्याजवळ गेले अन् सॉरी म्हणाले. त्यायचा काय दोष होता?

संध्याकाळी विमानतळावर सोडायले मी गेलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

वेदिका घरी आली होती. मी बोलावलं नव्हतं, पत्ता शोधत आली. रितिकानं पोहे केले. मार्चपासून बुटीबोरीले एका रंगाच्या कारखान्यात लागून राहिली, रंग तपासायचं काम. प्रबंध रात्री लिहीन म्हणते. लिहिणार नाही, मले माहीत आहे, तिलेबी माहीत आहे.

मी म्हटलं, "पोरी, तू मले शिव्या तरी दे."

"शिव्या नाही येत काका. राग आला होता लय. अजूनबी आहे." मग म्हणाली, "घरी मायनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं, पाणी साफ नव्हतं. ती म्हणे, मग साफ करायचं होतं. तिले काय सांगू?"

मी पोह्यायची बशी धरून बसलो. जाताना तिनं कौशल्याच्या फोटोले हात जोडले. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. ती म्हणाली, "काकूची भाकरी जाड असायची. मले तशीच आवडते."

जिन्यापर्यंत सोडायले गेलो. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बरोबरच केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सरायनं टिश्यूचे खोके मागवले, आता फडक्यायची गरज नाही. तरी मी उकळून राहिलो. मोठा गंज काढला, अंदाजानं सोडा टाकला, एक तास उकळली. सोमवारी गुपचूप एक तबकाले लावून पाहीन.

१७ फेब्रुवारी

रेघ उठली. जास्त नाही, पण उठली.

२४ फेब्रुवारी

काल दोन तास उकळली, सोडा कमी टाकला. आज पाहिलं, उठलीच. दुर्गेश म्हणते, बाबा, सोडा ना आता. तो माझ्या भल्याचंच म्हणते.

२ मार्च, रविवार

क्राकोवहून मारेक साहेबाची मेल आली होती. सरायनं मराठीत करून कागद माझ्या हाती दिला. दोन्ही देशांच्या लॅबसाठी तबक साफ करायची एकच रीत लिहून काढायची आहे. साहेब म्हणतात, नागपूरच्या जुन्या आलेखांइतकं कोरं पाणी आम्हाला टिश्यूनंसुद्धा मिळत नाही. ती फडकी कशी धुतली जायची ते सविस्तर कळवा, धुणाऱ्याचं नाव रीतीवर राहील. खाली प्रश्न अन् समोर रिकाम्या जागा.

कापड कोणतं? लिहिलं, जुनं सुती धोतर, माझ्या बापाचं. धुणाऱ्याचं नाव? कौशल्या रामाजी लांजेवार. हे दोन पटकन झाले.

साबण कोणता? हे मले माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावर कांताबाई राहतात, कौशल्याचं त्यांच्याकडे येणंजाणं होतं. त्यायले जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "साबण कुठला भाऊजी? नुसता सोडा. अन् फडक्यायले हात लावायच्या आधी बांगड्या काढून ठेवायची, हात राखेनं घासायची. माझ्याकडे फोडणी चालू असली तर माझ्या गॅलरीत वाळू घालायची नाही. मी म्हणायची, बाई, फडकीच तर आहेत. ती म्हणे, आमच्या यायच्या पाण्याले डाग चालत नाही." कांताबाईले एवढं माहीत. मले एवढंबी माहीत नव्हतं.

"किती वेळ उकळायची?" मी विचारलं.

"ते तुम्हालेच माहीत असंल ना भाऊजी. तुम्ही तिथंच बसून राहायचे."

वर आलो. रितिकाले विचारलं. तिनं मान हलवली. "आई मला हात लावू द्यायच्या नाहीत, बाबा. म्हणायच्या, तुला नोकरी आहे, हे माझं काम."

तिचं काम. मी लोकायले सांगत फिरलो, माझं पाणी, माझा हात. २००९ चे ते आलेख, ज्याच्यावरून पोलंडचा माणूस नागपूरले आला, ते पाणी तिचं होतं. तिले हे कोणी सांगितलं नाही. मी सांगायले पाहिजे होतं. मी गॅसचं बोलत बसलो.

दुपारभर कागद समोर ठेवून बसलो. किती वेळ उकळायची? सोडा किती? किती पाण्यातून काढायची? उन्हात की सावलीत? हे सगळं तिनं कोणाले विचारून ठरवलं, का करून करून तिलेच कळत गेलं? वीस वर्षांचे रविवार होतात हजाराच्या वर. मी दर रविवारी तिच्यापासून चार हातावर बसलो होतो.

खोटं लिहिणं सोपं होतं. एक तास, दोन चमचे, पाच पाणी. कोण तपासायले येते? पण त्या खोट्यावर उद्या आणखी कोणाची रेघ चढली, तर पुन्हा एखाद्या पोट्टीच्या वेणीवर येईल.

म्हणून चारही रिकाम्या जागांत एकच लिहिलं. माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.